तलफ, नाकातला फवारा आणि पर्समधली गोळी

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार.

मी 37 वर्षांची आहे. हिंजवडीत रात्रपाळीला असते. मुलगा दुसरीत आहे. नोकरीला लागल्यापासून सिगरेट ओढते, आता रोजच्या दहा-बारा होतात. नवऱ्याला माहीत आहे, तो आता बोलत नाही. सासूबाईंना माहीत नाही. बडीशेप, परफ्यूम, गॅलरीचं दार असं सगळं सांभाळून चाललंय. सोडायला घेतली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी घरात सगळ्यांच्या अंगावर ओरडायला लागते आणि मग परत पाकीट घेते.

ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोनचा फवारा नाकात मारायचा आणि सोबत माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे जाणवतंय त्याकडे शांतपणे लक्ष देणं, करायचं, त्याने तलफ कमी होते, असं वाचनात आलं. ऑफिसमधला एक जण फवारा ऑनलाइन मागवून देतो म्हणतोय. माइंडफुलनेस मी करून पाहिलं. श्वासाकडे लक्ष देऊन बसले तर तलफ उलट वाढली. माझं काही चुकतंय का? पाळीच्या तक्रारीसाठी हार्मोनच्या गोळ्या आधीच चालू आहेत, एकवीस दिवस घ्यायच्या आणि सात दिवस सुट्टी. त्यावर हे आणखी एक हार्मोन चालेल का? की सरळ इगतपुरीला जाऊन दहा दिवस विपश्यनेला बसू? आणि सासूबाईंना सांगून टाकावं का?

– एक वाचक, पुणे

उत्तर

नमस्कार.

फवाऱ्याबद्दल सविस्तर लिहिणारच आहे, पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. एकवीस दिवस घ्यायच्या, सात दिवस सुट्टी. ज्यांनी या गोळ्या दिल्या त्यांना तुम्ही सिगरेट ओढता हे माहीत आहे का? पत्राच्या एकूण सुरावरून माहीत नसावं असं वाटतं. तसं असेल तर फवारा, विपश्यना, सासूबाई हे सगळं नंतर. आधी हे.

अशा पद्धतीने घ्यायच्या गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन अशी दोन्ही असतात. इस्ट्रोजेनमुळे रक्ताची गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढते. तरुण, न ओढणाऱ्या बाईला त्याचा धोका फार कमी असतो, म्हणून या गोळ्या जगभर कोट्यवधी बायका निर्धास्तपणे घेतात. पण धुरामुळे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं आणि रक्तातल्या प्लेटलेट्स लवकर चिकटायला लागतात. ही दोन कारणं एकत्र आली आणि त्यात वय 35 च्या पुढे गेलं, की हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका खूपच वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमावलीत 35 किंवा त्याहून जास्त वयाच्या आणि रोज 15 किंवा जास्त सिगरेटी ओढणाऱ्या बाईला या गोळ्या अजिबात देऊ नयेत असं आहे. 15 च्या आत असतील तरी सहसा देऊ नयेत, दुसरा पर्याय बघावा, असं आहे. तुम्ही 37 च्या आहात आणि बारापर्यंत पोचला आहात. कामाच्या घाईच्या आठवड्यात बाराच्या किती होतात ते तुम्हालाच ठाऊक.

म्हणून याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या. गोळ्यांची स्ट्रिप सोबत न्या म्हणजे त्यात नेमकं काय आहे ते डॉक्टरांना लगेच दिसेल. खोलीत गेल्यावर शब्द सुचणार नाहीत अशी भीती वाटत असेल तर एवढंच म्हणा: "मॅडम, मी रोज दहा-बारा सिगरेटी ओढते, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. ही गोळी मला चालेल का?" पुढचं त्या बघतील. पर्याय आहेत: फक्त प्रोजेस्टेरॉन असलेल्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन, तांबी. हे सगळं धूम्रपान करणाऱ्या बाईलाही देता येतं. कोणतं बरं पडेल ते तुमची पाळीची तक्रार काय आहे त्यावर ठरेल. त्यांचा सल्ला मिळेपर्यंत छातीत दुखलं, एकाएकी दम लागला, एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली, आजवर कधी दुखलं नव्हतं असं डोकं दुखलं, बोलताना जीभ जड झाली किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. 108 ला फोन करा किंवा सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. आणि डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसायची अर्धशिशी तुम्हाला असेल तर तेही सांगा, कारण त्या गोळ्या तेवढ्या एका कारणासाठीही बंद कराव्या लागतात.

तुम्ही सांगितलं नाहीत याचा मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला कुणी विचारलंच नसेल. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी 24.4 टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले आणि धूम्रपान करणारे फक्त 3.8 टक्के. त्यात बायका अगदी थोड्या. त्यामुळे गावाकडून आलेल्या बाईला डॉक्टर "मिशरी लावता का?" असं सहज विचारतात, पण कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून आलेल्या बाईला तंबाखूबद्दल कुणी एक शब्द विचारत नाही. टपरीवर पुरुष उभे असतात तेव्हा त्यांच्या आयांना, बायकांना, शेजाऱ्यांना सगळ्यांना माहीत असतं. तुम्हाला मात्र ते गॅलरीचं दार सांभाळावं लागतं. या लपवण्याची किंमत बायका तब्येतीने मोजतात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. डॉक्टरच्या खोलीत तरी हे दार उघडं ठेवा. तिथे सांगितलेलं घरी पोचत नाही.

आता फवारा.

ऑक्सिटोसिन तुमच्या ओळखीचं आहे, फक्त ते नाव तुमच्या लक्षात नसेल. बाळंतपणात कळा वाढवायला सलाइनमधून देतात ते हेच. बाळ पाजायला घेतल्यावर पान्हा फुटतो तो याच हार्मोनमुळे. ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं आणि पिट्युटरी ग्रंथीतून रक्तात सोडलं जातं. नऊ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी आहे ती. विन्सेंट द्यू विग्नो यांनी 1953 मध्ये ती प्रयोगशाळेत बनवली आणि 1955 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे कळलं की हे हार्मोन फक्त गर्भाशय आणि स्तनांपुरतं नाही. ताण, भीती, आपल्या माणसांबद्दलची ओढ यांतही त्याचा हात आहे. व्यसनाच्या अभ्यासकांचं लक्ष तिकडे गेलं ते त्यामुळे.

कल्पना अशी आहे. सिगरेट सोडल्यावर पहिले काही दिवस शरीर ताणात असतं, आणि अशा वेळी शांत बसून स्वतःकडे बघ म्हटलं तर ते कुणाला जमणार? मग हार्मोनने तो ताण थोडा खाली आणायचा आणि त्या उसंतीत माइंडफुलनेस शिकवायचं. म्हणजे औषधाने जागा करून द्यायची आणि सवयीने ती भरायची. मला ही कल्पना आवडते. बिनडोक कल्पना नाही ती. पण आज ती संशोधनाच्या टप्प्यावर आहे. नाकातून दिलेल्या ऑक्सिटोसिनमुळे तलफ कमी होते का, यावर झालेले अभ्यास छोटे आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. नाकात मारलेल्यातलं मेंदूपर्यंत किती पोचतं यावरच तज्ज्ञांचं एकमत नाही. शिवाय या हार्मोनचा परिणाम माणूस आणि प्रसंग बघून बदलतो. काहींना त्याने मोकळं वाटतं, काहींची धास्ती वाढते. सिगरेट सोडण्यासाठी ते भारतात किंवा इतरत्र मंजूर झालेलं उपचार नाही.

आणि तुमचा सहकारी जे मागवून देणार आहे त्या बाटलीत काय असेल? ऑक्सिटोसिन थंड जागी ठेवावं लागतं, नाहीतर त्याची ताकद जाते. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवं. गायी-म्हशींना पान्हा सुटावा म्हणून गोठ्यांमध्ये त्याची चोरटी इंजेक्शनं इतकी वापरली गेली की 2018 मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना ते बनवायला बंदी घातली होती. त्याच वर्षाच्या शेवटी दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण हेच औषध बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवून बायकांचे जीव वाचवतं. असा इतिहास असलेलं औषध बिनचिठ्ठीचं, बिनलेबलचं, घरपोच येत असेल तर मी ते नाकाजवळही नेणार नाही. शरीरात पाणी साठून सोडियम खाली जाणं हा त्याचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. आणि दिवस राहिलेले असण्याची थोडीही शक्यता असेल तर गर्भाशयाला कळा आणणारं औषध स्वतःच्या मनाने घेणं फार धोक्याचं. फवाऱ्याला नाही म्हणा.

हार्मोन आणि तलफ यांचा संबंधच नाही असं मात्र मी म्हणत नाही. संबंध आहे, आणि तो तुमच्या बाबतीत आज चालू आहे. बायकांच्या यकृतात निकोटिनचा निचरा पुरुषांपेक्षा वेगाने होतो, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असतील तर आणखी वेगाने. म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या मुलाला एक सिगरेट जितका वेळ पुरते तितका वेळ ती तुम्हाला पुरत नाही. तलफ लवकर परत येते. तुम्ही मनाने कच्च्या आहात म्हणून हे होत नाही. ही गोष्ट सोडायला मदत करणाऱ्या डॉक्टरांनाही सांगायची, कारण निकोटिनचे पॅच (अंगावर चिकटवायच्या पट्ट्या) किंवा गम किती ताकदीचे द्यायचे हे ठरवताना तिचा उपयोग होतो. प्रोजेस्टेरॉन देऊन बायकांना सिगरेट सोडायला मदत होते का, हेही तपासलं गेलं आहे, विशेषतः बाळंतपणानंतर. थोडी आशा दिसली आहे, पण चिठ्ठीवर लिहून द्यावं इतका पुरावा नाही.

आता तुमचं काय चुकतंय ते. काहीच चुकत नाही.

माइंडफुलनेसने तलफ कमी होते अशी समजूत करून घेऊन लोक बसतात, आणि ती वाढलेली दिसली की आपल्याला जमलं नाही म्हणून उठतात. पण लक्ष दिलं की तलफ जास्त जाणवणारच. इतके दिवस ती उठायच्या आत तुम्ही लायटर काढत होतात, तिला पुरती कधी पाहिलीच नव्हती. वॉशिंग्टन विद्यापीठातले ॲलन मार्लट यांनी व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांना तलफेकडे लाटेसारखं बघायला शिकवलं: ती उठते, चढते, फुटते आणि ओसरते, तिच्याशी झुंजायचं नाही, तिच्यावर तरंगत राहायचं. संशोधक सारा बोवेन आणि मार्लट यांनी 2009 मध्ये सिगरेट ओढणाऱ्या कॉलेजच्या मुलांवर केलेला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना हे लाटेचं तंत्र थोडक्यात शिकवलं, काहींना नाही. पुढच्या आठवड्यात दोन्ही गटांची तलफ जवळपास सारखीच होती. पण तंत्र शिकलेल्या मुलांनी सिगरेटी कमी ओढल्या. मला यातलं सगळ्यात मोलाचं हे वाटतं की तलफ तिथेच राहिली आणि तरी हात खिशाकडे गेला नाही. माइंडफुलनेसचं काम एवढंच, आणि हे काम थोडं नाही.

त्याच्याबद्दल फुगवून सांगितलं जातं तेही तुम्हाला माहीत असावं. 2011 मध्ये येल विद्यापीठात जडसन ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी 88 जणांवर केलेल्या अभ्यासात माइंडफुलनेस शिकलेल्यांपैकी 31 टक्के लोक 17 आठवड्यांनंतर सिगरेटपासून दूर होते, आणि नेहमीचा कार्यक्रम घेतलेल्यांपैकी 6 टक्के. हे आकडे खूप फिरले. पण 2022 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने अशा 21 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात इतर पद्धतींपेक्षा माइंडफुलनेसने जास्त लोक सिगरेट सोडतात असं स्पष्ट दिसलं नाही. म्हणून मी माझ्या रुग्णांना ते एकट्याच्या भरवशावर कधी देत नाही. औषधासोबत देते.

करायचं कसं ते सांगते. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देणं सध्या बाजूला ठेवा. तुमचा लांब श्वास इतकी वर्षं झुरक्याशी बांधलेला आहे, तो घेतला की सिगरेटच आठवणार. उभ्या राहा, डोळे उघडे ठेवा. दोन्ही तळव्यांवर भार द्या. मग शोधा की तलफ शरीरात कुठे आहे. घशात? जबड्यात? छातीत? बोटांच्या टोकांत? जिथे असेल तिथे ती कशी आहे ते बघा: आवळल्यासारखी, पोकळ, गरम, मुंग्या आल्यासारखी. तिला दहापैकी गुण द्या. आठ. मिनिटाने परत बघा. नऊ झाली तरी घाबरू नका, पुन्हा बघा. "एकच ओढते" असा विचार आला तर आला. त्याच्याशी वाद घालू नका, परत घशाकडे या. एक तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं टिकते. आकडा खाली येताना एकदा जरी तुम्ही स्वतः पाहिलात ना, तर तलफ ओसरते हे पुढच्या वेळी कुणी शब्दाने समजवावं लागत नाही. हा सराव तलफ नसताना आधी करा. रात्री कॅबमध्ये बसल्यावर, भूक लागलेली असताना, किंवा डास चावल्यावर न खाजवता. पोहायला पुरात शिकत नाहीत.

सिगरेट सोडण्याची तारीख यायच्या आधीच्या आठवड्यात रोज एक सिगरेट पूर्ण लक्ष देऊन ओढा. फोन नाही, गप्पा नाहीत, चहा नाही. जिभेवर चव कशी लागते, घशात काय होतं, बोटांना कसला वास राहतो, संपल्यावर दहा मिनिटांनी कसं वाटतं. ब्रूअर यांच्या पद्धतीत यावर भर आहे आणि मला तो पटतो, कारण बऱ्याच जणी सांगतात की इतक्या वर्षांत आपण सिगरेटची चव कधी घेतलीच नव्हती.

विपश्यनेबद्दल. इगतपुरीच्या धम्मगिरीत शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहायला शिकवतात, आणि वर सांगितलेलं सगळं त्याच्याच फार जवळचं आहे. माइंडफुलनेस परदेशातून आलं म्हणून ते काही नवलाचं, असं मानायचं कारण नाही. पण जवळपास दहाही दिवस मौन, पहाटे चारला उठणं, तंबाखू पूर्ण बंद, आणि तेही निकोटिन सुटण्याच्या सगळ्यात कठीण दिवसांत? माझा सल्ला आहे की आधी सिगरेट सोडा, दोन-तीन महिने जाऊ द्या, मग जा. तेव्हा त्या दहा दिवसांचा तुम्हाला खरा उपयोग होईल. पूर्वी नैराश्याचा किंवा घाबरण्याचा मोठा त्रास झाला असेल तर अर्जात तो लिहा आणि आधी तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

मग माइंडफुलनेसशी जोडी कुणाची लावायची? संशोधक हार्मोनला जे काम देऊ पाहत आहेत ते करणारी औषधं आपल्याकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये तंबाखू सोडवण्याची पहिली मार्गदर्शिका काढली, त्यात व्हॅरेनिक्लिन, निकोटिनचे पॅच आणि गम, ब्युप्रोपिऑन आणि सायटिसिन यांची शिफारस आहे, आणि त्यासोबत समुपदेशनाची. व्हॅरेनिक्लिन मेंदूतल्या निकोटिनच्या जागेवर जाऊन बसतं, तलफ बोथट करतं आणि मध्येच सिगरेट ओढलीत तरी तिची मजा येऊ देत नाही. ते सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात आणि साधारण 12 आठवडे घेतात, जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत, नाहीतर मळमळतं. विचित्र स्वप्नं पडू शकतात. त्याने मन बिघडतं अशी भीती पूर्वी होती, पण 2016 मध्ये 8,000 हून जास्त लोकांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात तसं आढळलं नाही. बायकांमध्ये एकट्या पॅचपेक्षा ते जास्त चांगलं काम करतं, म्हणून तुमच्यासाठी मी आधी त्याचाच विचार करेन. अर्थात मूत्रपिंडं, फिट्सचा इतिहास, गर्भधारणेचा विचार हे तुमच्या डॉक्टरांनी तपासल्यावर.

ते नको असेल तर पॅच आणि गम दोन्ही एकत्र. पॅच रोज उठल्यावर लावायचा, तुमच्या बाबतीत दुपारी, आणि अचानक तलफ आली तर गम. 2 मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो. पण तो च्युइंगमसारखा चघळत राहू नका. चार-सहा वेळा हळू चावा, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवा, झिणझिण्या गेल्या की परत चावा, असं अर्धा तास. चावतच राहिलात तर निकोटिन पोटात जातं, उचकी लागते, जळजळतं आणि तलफ तशीच राहते. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं तो तोंडात घालू नका, त्याने निकोटिन शोषलं जात नाही. गम उपयोगाचा नाही म्हणून सोडून देणाऱ्या बहुतेकांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

आकडेही सरळ सांगते. कॉक्रेनच्या 2023 च्या आढाव्यानुसार औषधाशिवाय प्रयत्न करणाऱ्या 100 जणांपैकी साधारण 6 जण सहा महिन्यांहून जास्त काळ सिगरेटपासून दूर राहतात. एकच निकोटिन प्रकार वापरला तर 9, पॅच आणि गम दोन्ही वापरले तर 12, व्हॅरेनिक्लिन घेतलं तर 14. दुपटीहून जास्त, आणि तरीही बहुतेकांना एका प्रयत्नात जमत नाही. तुमचे आधीचे प्रयत्न फसले ते औषधाशिवाय केलेले होते. ते या हिशोबात बसणारेच आहेत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओरडायला लागता, त्याबद्दल एक गोष्ट जी क्वचितच सांगितली जाते. निकोटिन सुटण्याचा त्रास पहिल्या आठवड्यात कळसाला असतो, हे झालंच. पण सिगरेटच्या धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफिनचा निचरा फार वेगाने करत असतं. सिगरेट बंद केली की काही दिवसांत तो वेग खाली येतो आणि तेवढीच कॉफी प्यायलात तरी रक्तातलं कॅफिन दुपटीपेक्षा जास्त होऊ शकतं. हात थरथरणं, धडधड, झोप न येणं, चिडचिड. रात्रपाळीत मशीनची कॉफी किती होते ते मोजा आणि सिगरेट सोडायच्या दिवसापासून ती निम्मी करा. शेवटचा कप शिफ्टच्या पहिल्या अर्ध्या भागात. मुलावर ओरडण्यातला एक वाटा त्या कपाचा असण्याची बरीच शक्यता आहे.

खाली टपरीवर जाणारा तुमचा घोळका असेल. रात्री साडेअकराला तिथे तुम्हाला निकोटिन मिळतं आणि माणसंही मिळतात, आणि माणसं सुटण्याची भीती जास्त असते, हे मी ओळखते. पहिले पंधरा दिवस तिकडे जाऊ नका. पण त्या वेळी एकट्या खुर्चीवरही बसू नका. न ओढणाऱ्या एका सहकाऱ्याला आधी सांगून ठेवा की मला रोज या वेळी दहा मिनिटं तुझ्याबरोबर चक्कर मारायची आहे. घोळक्यातल्या ज्या मुलीशी तुमचं खरंच जमतं तिला डब्याच्या वेळी भेटा.

तारीख निवडताना गोळ्यांच्या सात दिवसांच्या सुट्टीचा आठवडा तुम्हाला जड जात असेल तर तो टाळा. पाळीच्या चक्रात कोणत्या दिवशी सोडलेलं बरं यावर अभ्यास आहेत, पण त्यांची उत्तरं परस्परविरोधी आहेत, आणि तुमच्या गोळ्याच आता बदलतील, तेव्हा त्यात फार अडकू नका.

1800-112-356 हा राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणाऱ्या सेवेचा क्रमांक, तुमच्या पाकिटावर छापलेला असतो. फोन मोफत आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही या सेवेचं केंद्र आहे आणि मराठीतून बोलता येतं. ते तुमच्याशी तारीख ठरवतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारतात. कुणाला न सांगता सुरुवात करायची असेल तर ही सगळ्यात चांगली जागा आहे.

सासूबाईंना सांगायलाच हवं असं नाही. सिगरेट सोडण्यासाठी घरातल्या प्रत्येकाची कबुली लागत नाही, एका माणसाची साथ लागते. ते माणूस तुमच्या नवऱ्याने व्हावं असं मला वाटतं. तो बोलत नाही म्हणजे त्याला पर्वा नाही, असं तुम्ही धरून चालला आहात का? बहुतेकदा बोलून बोलून थकलेला माणूस गप्प होतो. त्याला उपदेश करायला सांगू नका, काम द्या. पहिल्या आठवड्यात मुलाचा अभ्यास आणि झोपवणं त्याच्याकडे. तलफ दहापैकी आठवर गेली आणि तुम्ही "आठ" असा मेसेज केलात तर त्याने फोन करायचा आणि पाच मिनिटं कशाबद्दलही बोलायचं, सिगरेटचा विषय मात्र नाही. उद्या सासूबाईंनी स्वतः विचारलं तर खोटं बोलू नका, "ओढत होते, सोडतेय" एवढं पुरेल.

डॉक्टरांकडे जाताना त्यालाही बरोबर न्या. गोळ्या बदलल्या की नाही आणि तारीख कोणती ठरली, ते मला कळवा.